काडाचं बूच

सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी भरणीचा स्क्रू थांबला, तेव्हा थोरल्याचा उजवा हात कोपरापर्यंत आत गेलेला होता. दोरी त्यानेच ओढली, डाव्या हाताने. यंत्राच्या अंगालगत एक लाल दोरी बांधलेली असते. ती ओढली की कुकरच्या ओळीतली सगळी यंत्रं एकदम बंद पडतात. आधी त्याने दोरी ओढली आणि मग तो ओरडला, असं खाली काडाच्या गाठी सोडणारे सांगत होते. त्यांना ओरडणं ऐकू आलं ते यंत्रं थांबली म्हणूनच.

त्याचा धाकटा भाऊ तेव्हा पॅनेलच्या खोलीत होता. त्याने पहिल्यांदा वाफ बंद केली, मग धावला.

गव्हाच्या काडात साखर असते, पण कुलपात. गाय ते कुलूप बसल्या जागी रवंथ करत उघडते, माणसाला त्यासाठी चार मजली कारखाना लागतो, हा तिथला जुना विनोद. काडाच्या गाठी फोडायच्या, कातरून बोटभर तुकडे करायचे, पाणी मारायचं आणि कोंडलेल्या वाफेत शिजवायचं. शिजलेला काळपट लगदा पुढच्या इमारतीत जातो. तिथे त्यावर पाचक रस सोडतात, साखर सुटते, आणि ती साखर यीस्टच्या तोंडी देतात. दोघे भाऊ शिजवण्याच्या भागात होते. थोरला भरणीवर, म्हणजे कुकरच्या तोंडाशी. धाकटा पॅनेलवर, म्हणजे वाफेवर. ‘मी भरवतो, तू पचव,’ असं थोरला म्हणायचा.

कुकरमध्ये प्रेशर बाराचं. घरच्या कुकरची शिट्टी एकच्या आसपास होते. एवढ्या प्रेशरच्या भांड्यात काड सतत घालत राहायचं तर तोंड उघडं हवं, आणि तोंड उघडं ठेवलं तर वाफ अंगावर येणार. त्यावरचा उपाय काडाचाच केलेला असतो. निमुळत्या होत जाणाऱ्या नळीत स्क्रू फिरतो, काड पुढे रेटतो, दाबतो, त्यातलं पाणी पिळून काढतो. नळीच्या टोकाशी त्याचं लाकडासारखं घट्ट बूच बनतं. पुढून बुचाचे ढलपे कुकरात पडत राहतात, मागून नवं काड येऊन भर घालत राहतं. वाफ त्या बुचावर अडते. दुसरं काही मध्ये नसतं.

थोरल्याचा हात स्क्रूची पाती आणि नळीची भिंत यांच्यामध्ये होता. बोटांपुढे वीतभर अंतरावर बूच. स्क्रू उलटा फिरवला असता तर हात सुटला असता, आणि बूचही.

“फिरवू नका,” थोरलाच म्हणाला. चेहरा पांढराफटक पडला होता, पण शब्द नीट येत होते. “आधी प्रेशर काढ. किती आहे?”

“बारा.”

“मग इथे काय करतोयस? पळ.”

हात तिथे का गेला, याचं उत्तर भरणीच्या माळ्यावर लावलेल्या पाटीत होतं. मागे एकदा भरणीवरच्या एकाची लोखंडी पहार स्क्रूत गेली. पाती वाकली, नवी यायला महिने लागले. तेव्हा मॅनेजरसाहेबांनी माळ्यावरच्या पहारी, दांडे, बांबू, होतं नव्हतं ते सगळं उचलून नेलं आणि पाटी लावली : भरणीच्या तोंडाशी कोणतंही अवजार नेऊ नये. काड मात्र अडायचं ते अडतच राहिलं. तुकडे लांब आले की एकमेकांत गुंततात आणि तोंडावर छत धरतात. खाली स्क्रू रिकामा फिरतो, बुचाला मागून भर मिळत नाही, बूच झिजू लागतं. झिजू देऊन चालत नाही. मग तोंडावरची जाळी एका बाजूने उचलून, हातमोजा ओला करून, माणसं ते छत हाताने पाडायला लागली. पाटीत हाताबद्दल काही लिहिलेलं नव्हतं.

त्या दिवशी कातरणीची पाती बोथट झालेली होती. सकाळपासून तुकडे वीत वीत लांब येत होते. थोरल्याने छत पाडलं, ते पुन्हा धरलं, त्याने पुन्हा पाडलं. कितव्यांदा तरी ओल्या हातमोज्याची कड स्क्रूच्या पातीने धरली.

धाकट्याने वरचा वॉल्व्ह उघडला. वाफ छपराबाहेर गेली, काटा भराभर उतरला, बारावरून नऊवर आला आणि तिथेच थबकला. छपरावरचा आवाजही बसला. शिजणाऱ्या लगद्याचं प्रेशर एकदम काढलं की तो दुधासारखा वर येतो. वर येऊन तो वाफेच्या नळीत शिरला आणि नळी तुंबली. कुकर आत आखलेल्या भरण्याच्या निशाणाच्या खाली भरलेला असता तर कदाचित शिरला नसता. पण कुकर निशाणाखाली कधीच नसायचा. कमी भरला की लगदा नीट शिजत नाही, साखरेचा आकडा पडतो, आणि पुढच्या इमारतीतून फोन येतो. सगळ्याच पाळ्या निशाणाच्या हातभर वर भरत होत्या, आणि ते सगळ्यांना माहीत होतं.

मग लगदा बाहेर सोडायचा खालचा वॉल्व्ह. तो उघडला आणि काहीच झालं नाही. आतली ढवळणी दोरीबरोबर थांबलेली, लगदा तळाशी बसून घट्ट झालेला.

फिटर वर आला. जाडजूड माणूस, जिना चढून धापा टाकणारा, कुठल्याही प्रश्नाला आधी ‘बघू’ म्हणणारा. त्याने स्क्रूच्या मोटरची केबल मुळातच सोडवून हातात घेतली, म्हणजे चुकूनही स्क्रू हलणार नाही, आणि मग दोरी जागेवर बसवून ढवळणी चालू करायला सांगितलं. ढवळणीच्या मोटरने हुंकार दिला, माळा हादरला, थोरला किंचाळला. मोटर दमून बंद पडली.

“परत नको,” फिटर म्हणाला. “बूच हलतंय.”

“मग?”

“मग काय. थंड होऊ द्यायचा. थंड झाला की प्रेशर आपोआप उतरतं.”

“किती वेळ?”

फिटरने कुकरकडे पाहिलं. पत्र्याच्या आत हातभर जाडीचं अस्तर, उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून मुद्दाम घातलेलं. “बघू,” तो म्हणाला, आणि पान्याने पत्रे उचकटायला लागला. गाठी सोडणारेही आले. सगळे मिळून कुकरची सालं काढायला लागले. पाणी मारायचं का, असं एकाने विचारलं. फिटर म्हणाला, तापलेल्या भांड्यावर गार पाणी मारून ते तडकलं तर इथल्या कुणालाच उत्तर ऐकायला मिळणार नाही.

साहेब आले, पाहिलं, फोनवर बोलत खाली गेले, पुन्हा आले. त्यांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं, हे त्यांच्याही लक्षात आलेलं होतं. ते पाटीखाली उभे राहिले.

यंत्रं बंद असल्यामुळे माळ्यावर कधी नव्हती एवढी शांतता होती. नळीखालच्या भोकांतून पिळलेलं तपकिरी पाणी थेंब थेंब पडत होतं. करपलेल्या गुळासारखा, थोडा आंबट वास. धाकटा पॅनेलची खोली आणि भरणीचं तोंड यांच्यामध्ये येरझारा घालत होता. थोरल्याला काटा दिसत नव्हता. काटा पॅनेलवर, खोलीच्या भिंतीआड.

“किती रे?”

“नऊ.” या वेळी खरंच नऊ होतं.

“नाक खाजतंय.”

“कुठलं?”

“किती नाकं आहेत मला? उजवीकडे. वर. अजून वर. गाढवा, नखं काप की जरा.”

धाकट्याने त्याचं नाक खाजवलं, घाम पुसला, पाठीमागे गाठीचा तुकडा रेटून बसायला जागा केली. थोरला अर्धा बसला, अर्धा लटकला. हात दिसत नव्हता. कोपराच्या वरचा दंड सुजून चकचकीत झाला होता.

“बोटं हलतात का, दादा?”

“हलवतोय असं वाटतं. हलतात की नाही, कोण बघायला गेलंय?”

थोड्या वेळाने त्याने पुन्हा विचारलं, किती. धाकटा जाऊन आला. काटा नऊच्या किंचित खाली होता, केसभर. थोरला त्याच्या तोंडाकडे पाहत होता.

“साडेआठ,” धाकटा म्हणाला.

“उतरतंय म्हणजे.”

“उतरतंय ना.”

ते इतकं सहज झालं. थोरल्याने मान मागे टेकवली, दोन श्वास जरा लांब घेतले. पुढच्या खेपेला धाकट्याला साडेआठच्या खाली काहीतरी सांगणं भाग होतं, त्याच्या पुढच्याला आणखी खाली. काटा उतरत होता, पण सांगितलेला आकडा त्याच्या पुढे पळत होता.

थोरल्याच्या खिशातला फोन वाजला. उजव्या खिशातला. डावा हात तिथे पोचेना. धाकट्याने काढून पाहिलं. आई.

“उचल,” थोरला म्हणाला. “नाही उचललास तर ती दर पाच मिनिटांनी करेल.”

“हां, आई. मी बोलतोय. दादा कामात आहे.”

“कामात तर तो रोजच असतो. त्याला म्हणावं, येताना माझ्या चष्म्याची काडी बसवून आण. सकाळी विसरून गेला.”

“सांगतो.”

“आणि आज यंत्राचा आवाज कसा नाही?”

धाकट्याने थोरल्याकडे पाहिलं. थोरल्याने डोळे मिटले.

“बंद आहे. सफाई चाललीय.”

“मग सफाईत कसला कामात? दे त्याला.”

“वर चढलाय ग. नंतर करायला सांगतो.” त्याने फोन बंद करून स्वतःच्या खिशात टाकला.

“छान,” थोरला म्हणाला. “लहानपणी धड एक थाप मारता यायची नाही तुला.”

डॉक्टरबाई अकराच्या सुमाराला आल्या, रुग्णवाहिकेबरोबर. बुटक्या, थेट बोलणाऱ्या. त्यांनी डाव्या खांद्यात वेदना मारणारं इंजेक्शन दिलं, दंड चाचपला, नळीत जितकं वाकून बघता येईल तितकं पाहिलं. मग फिटरला सगळं समजावून सांगायला लावलं, दोनदा. बुचाशी त्या थांबल्या.

“फुटलं तर?”

“बुचापलीकडे एक झडप आहे, एरवी उघडीच. फुटलं की तिने मिटायला पाहिजे.”

“मिटते?”

“अजून कधी फुटलं नाही,” फिटर म्हणाला.

“आणि हे किती वेळ टिकेल? घट्ट आहे म्हणता.”

फिटरने धाकट्याकडे पाहिलं. उत्तर धाकट्याने दिलं, कारण ते त्याच्याच कामाचं होतं. काड वाफेत ठेवलं की मऊ होतं. त्यासाठीच तर हा कारखाना. रोजच्या कामात बूच एका जागी टिकत नाही, सारखं नवं होत राहतं, म्हणून घट्ट असतं. आता ते सकाळपासून एकाच जागी होतं. पलीकडच्या बाजूने शिजत होतं.

“म्हणजे थांबलं तर प्रेशर कमी होतंय,” डॉक्टरबाई म्हणाल्या, “आणि थांबलं तर बूचही मऊ होतंय.”

“हो.”

“आधी काय होईल?”

 साहेबांनी कुणाला तरी फोन लावला होता, यंत्र बनवणाऱ्यांना. पलीकडून सांगण्यात आलं की चालू यंत्रात हात घालू नये.

डॉक्टरबाईंनी थोरल्याशी सरळ बोलायचं ठरवलं. उकिडव्या बसल्या. हाताला रक्त जात नाहीये, हात वाचण्याची आशा तासातासाने कमी होतेय, आणि दंडातून काढायचा तर तो इथेच काढता येईल. भूल देऊ. साधनं आहेत. अर्ध्या तासाचं काम. “तुम्ही मोकळे व्हाल, खाली जाल.”

“आणि नाही काढला तर?”

“तर वाट बघायची.”

थोरल्याने भावाला हाक मारली. “किती?”

धाकटा खोलीत गेला. काटा सव्वाआठवर होता. तो बाहेर आला. डॉक्टरबाई त्याच्याकडे पाहत होत्या, साहेब पाहत होते, थोरला पाहत होता.

“सात,” तो म्हणाला. मागच्या वेळी त्याने साडेसात सांगितलं होतं.

“बघा,” थोरला डॉक्टरबाईंना म्हणाला. “बारावरून सात. चढणीचा भाग झाला, आता उतारच आहे. उजवा हात आहे बाई, नुसता लोंबता अवयव नाही. थांबतो मी.”

डॉक्टरबाईंनी धाकट्याला विचारलं, “सात म्हणजे चांगलं का?”

“बरं आहे,” तो म्हणाला.

थोरल्याची बायको आली ती हातात पाण्याची बाटली आणि टॉवेल घेऊन, जणू कुणी ताप आल्याचं कळवलं होतं. तिला फाटकावर फक्त ‘हात अडकलाय’ एवढंच सांगितलं गेलं. माळ्यावर येऊन तिने पाहिलं. 

“अहो, घरात बाटलीचं झाकण उघडत नाही तुमच्याने. इथे कशाला हात घालायला गेलात?”

“तेच झाकण उघडत होतो,” थोरला म्हणाला.

ती हसली, आणि ते हसणं मध्येच मोडलं. तिने त्याचा चेहरा ओल्या टॉवेलने पुसला, मान पुसली, डावा हात मांडीवर घेऊन बसली. दोघं हळू आवाजात काहीतरी बोलत राहिली. कुणी ऐकायला जवळ गेलं नाही.

दुपार चढली. उघड्या पडलेल्या कुकरमुळे माळा भट्टीसारखा तापला. गाठी सोडणारे आळीपाळीने खाली जाऊन डोकं भिजवून येत होते. धाकट्याचे आकडे चालूच होते. साडेसहा. सव्वासहा. थोरल्याची चौकशी आता दूरदूरच्या अंतराने यायची, पण प्रत्येक आकड्याला तो मान हलवायचा. सहा सांगितल्यावर म्हणाला, “अर्धं झालं की रे.”

बाटली रिकामी झाली म्हणून त्याची बायको पाणी घ्यायला पॅनेलच्या खोलीत आली. पिंप तिथेच होतं. धाकटा खुर्चीच्या कडेवर बसलेला. तिने बाटली भरली आणि भिंतीकडे पाहत उभी राहिली.

“भाऊजी, हा काटा कुठला?”

“कुकरचा.”

“हाच तो? तुम्ही सांगता तो?”

“हो.”

“हा तर साडेसातला आहे.”

धाकट्याने काट्याकडे पाहिलं.

“तुम्ही त्यांना सहा सांगितलंत. मघाशी. मी तिथे होते.”

“वहिनी, उतरतंय ते. उतरतंयच. जरा...”

“बाईंनी हाताचं विचारलं, तेव्हा किती होतं?”

त्याने सांगितलं.

तिने बाटलीचं झाकण लावलं. लागलं नाही, आटे चुकले. तिने पुन्हा लावलं. “तुम्ही सांगता, की मी सांगू?”

तो उठला. ती त्याच्यामागे आली. भरणीच्या तोंडाशी जाऊन तो उकिडवा बसला आणि एका दमात बोलून गेला : साडेसात आहे दादा, मघाशी सव्वाआठ होतं, मी सकाळपासून कमी सांगतोय.

थोरल्याने त्याच्याकडे पाहिलं. इंजेक्शनमुळे त्याचे डोळे जड झाले होते, पण समजलं होतं.

“मी तुला आकडा विचारत होतो,” तो म्हणाला. “धीर नव्हता मागितला.”

“चुकलं दादा.”

“चुकलं काय? पाढा म्हणताना चुकलास तर गोष्ट वेगळी. या आकड्यावर मी हात...”  बायकोने डाव्या हाताचा पंजा घट्ट धरला. थोरल्याने डोळे मिटले, उघडले. “बाईंना बोलाव. म्हणावं, काढा.”

डॉक्टरबाई खाली रुग्णवाहिकेपाशी होत्या. धाकटा जिना उतरून धावला. त्यांनी काही विचारलं नाही, पेटी उचलली. त्या जिन्यापाशी पोचायच्या आतच वरून फिटरची हाक आली.

नळीखालच्या भोकांतून पडणारं पाणी वाफाळायला लागलं होतं. सकाळपासून ते कोमट पडत होतं. आता सिमेंटवर पडल्या पडल्या त्यातून पांढरी रेघ उठत होती, आणि एका भोकातून पाण्याऐवजी नुसतीच बारीक शीळ येत होती, शिट्टीची तयारी करणाऱ्या तोंडासारखी. बुचातून वाट झाली होती. केवढी, ते कुणाला दिसत नव्हतं.

अग्निशमनवाले दुपारीच येऊन खाली थांबले होते. त्यांच्या अधिकाऱ्याने वर येऊन एक नजर टाकली आणि सगळ्यांना माळ्यावरून उतरवलं. फिटरला, गाठी सोडणाऱ्यांना, साहेबांना. डॉक्टरबाईंसमोर तो जिन्यावर आडवा उभा राहिला.

“आत जाता येणार नाही.”

“अर्ध्या तासाचं काम आहे.”

“तेवढ्यात ते फुटलं तर तुमच्या मदतनीसासकट तीन माणसं जातील. एक अडकलेला आहे. मी आणखी दोन देणार नाही.”

“मग कधी?”

त्याने फिटरशी बोलून आकडा ठरवला. तीन. काटा तीनच्या खाली गेला की बूच फुटलं तरी भाजण्यावर निभावेल. त्याआधी नाही.

“सकाळी जाता येत होतं,” डॉक्टरबाई म्हणाल्या. कुणाला उद्देशून ते कळलं नाही. त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या.

थोरल्याची बायको उतरायला तयार नव्हती. थोरल्यानेच तिला घालवलं. काय बोलला ते तिने नंतर सांगितलं नाही; एवढंच की शेवटी तो चिडला होता. दोन जवानांनी तिला धरून खाली आणलं. जाडजूड ओल्या घोंगड्या तेवढ्या त्याच्या अंगावर आणि तोंडाभोवती टाकायची परवानगी अधिकाऱ्याने दिली. त्या फिटरने टाकल्या, एकदा पळत जाऊन, आणि परत येऊन तो भिंतीला टेकून खाली बसला.

पॅनेलच्या खोलीतून धाकट्याला काढायचाही प्रयत्न झाला. तो म्हणाला, काटा कुणीतरी वाचायला हवा. अधिकारी म्हणाला, फोनचा कॅमेरा लावून ठेवा. धाकटा म्हणाला, लावा, पण दादाला कोण सांगणार? भिंत मध्ये आहे, हे अधिकाऱ्याने दोनदा पाहिलं आणि विषय सोडला.

मग माळ्यावर दोघंच उरले, एका भिंतीच्या दोन बाजूंना.

“किती?” घोंगडीखालून आवाज जाड यायचा.

“सहा पूर्णांक आठ.”

“खरं?”

“खरं.”

खाली अंगणात त्याची बायको साहेबांसमोर उभी होती. ती ओरडत नव्हती. साहेबांना ती विचारत होती, त्याने हाताने नाही तर कशाने पाडायचं होतं? साहेब म्हणाले, कातरणीची पाती बदलायला टाकली होती, उद्या येणार होती. तिने तोच प्रश्न पुन्हा विचारला. साहेबांनी पुन्हा पात्यांचं सांगितलं.

आईचा फोन धाकट्याच्या खिशात दोनदा वाजला. पहिल्या वेळी त्याने वाजू दिला. दुसऱ्या वेळी उचलला आणि सांगितलं की दादाचा हात भरणीत अडकलाय, सकाळपासून, आणि अजून निघालेला नाही. 

“तू जवळ आहेस ना त्याच्या?” आईने विचारलं.

“भिंतीपलीकडे आहे.”

“मग भिंतीपलीकडे काय करतोयस?” ती म्हणाली.

ऊन माळ्याच्या खिडकीतून तिरपं यायला लागलं तसा कुकर जरा लवकर निवू लागला, किंवा धाकट्याला तसं वाटलं. आकडे तो आता ओरडून सांगत होता, जसे असतील तसे, दशांशासकट. सहा. पाच पूर्णांक सात. एकदा काटा वर गेला, पाच पूर्णांक आठ. तेही त्याने सांगितलं. आतल्या लगद्यातली कोंडलेली वाफ सुटली की असं होतं, हे त्याला माहीत होतं, पण त्याने कारण दिलं नाही, आकडाच दिला. थोरला काही आकड्यांना उत्तर देई, काहींना नाही. एकदा त्याने स्वतःहून विचारलं, बूच कसं आहे. नळीखालच्या शिट्टीसारख्या आवाजावरून धाकट्याला जेवढं कळत होतं तेवढं त्याने सांगितलं : आवाज आहे, वाढला आहे, किती ते सांगता येत नाही.

“मलाही येत नाही,” थोरला म्हणाला. “आणि मी तर तोंडाशीच आहे.”

फिटरने खालच्या वॉल्व्हवर हातोड्याने बारीक बारीक ठोके मारून पाहायची परवानगी मागितली, तळातला लगदा सैल होतो का ते बघायला. अधिकाऱ्याने विचारलं, ठोक्यांनी बूच हलेल का? फिटर म्हणाला, हलू शकतं. परवानगी मिळाली नाही. हातोडा हातात घेऊन तो तिथेच उभा राहिला.

चार वाजून चाळीस मिनिटांनी काटा चार पूर्णांक सहावर होता. डॉक्टरबाई जिन्याच्या वरून तिसऱ्या पायरीपर्यंत सरकल्या होत्या, हातमोजे घालून, पेटी उघडी. एका भोकातली शीळ आता दोन भोकांतून येत होती. धाकट्याने आकडा ओरडून सांगितला. घोंगडीखालून उत्तर आलं नाही. त्याने आकडा पुन्हा सांगितला, मोठ्याने, आणि वाट पाहिली. मग दादा म्हणून हाक मारली. थोरला म्हणाला, “ऐकलं,” आणि त्यापुढे काही म्हणाला ते वाफेच्या आवाजात बुडालं.

काटा चार पूर्णांक सहावरच होता.